बेचकी शेपटीची लाल घार : बाळाला धोका आहे का? (आणि शेजारीण तिला चिकन घालते)

टेम्सकाठची
मंडळी, सात वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही रेडिंगला राहतो, लंडनच्या पश्चिमेला. आई मिरजेहून तीन महिन्यांसाठी आलीये. लेक साडेपाच महिन्यांची. मार्चअखेरचं ऊन पडलं की तिला बाबागाडीत घालून मागच्या अंगणात ठेवतो. आणि डोक्यावर या घारी. एकदोन नाहीत, परवा मोजल्या तर अकरा!

आईने पहिल्याच दिवशी निकाल दिला, "ही आपली घार नव्हे. आपली मातकट असते. ही बघ कशी तांबूस, आणि शेपूट बेचकीसारखं." दुसरा निकाल, "पोरीला बाहेर ठेवू नकोस, झडप घालतील." तेव्हापासून ती बाबागाडीशेजारी छत्री घेऊन बसते. ऊन नसलं तरी.

त्यात पलीकडच्या घरातल्या आजीबाई (ऐंशीच्या पुढच्या, एकट्याच असतात) रोज दुपारी शेडच्या छपरावर चिकनचे तुकडे टाकतात. घारी खाली न उतरता वरच्यावर उचलून नेतात. दृश्य बघण्यासारखं असतं, खोटं कशाला बोलू. पण आई म्हणते, "त्या बाईंना सांग, बंद करा म्हणावं."

तर प्रश्न : ही घार नक्की कोणती? बाळाला खरंच काही करेल का? आणि खायला घालणं चांगलं की वाईट?

खवचट_खेकडा
साडेपाच महिन्यांचं बाळ म्हणजे सहा-सात किलो. एवढं उचलणारी घार सापडली तर तिला मालवाहतुकीचं कंत्राट द्या.

झाडाखालचा
आईंना माझा साष्टांग नमस्कार. चष्मा, दुर्बीण, पुस्तक काहीही नसताना बरोबर ओळखलं.

ही लाल घार, मिल्वस मिल्वस. आपली घार म्हणजे मिल्वस मायग्रान्स, तिची चुलत बहीण. आपल्या घारीच्या शेपटीलाही खाच असते, पण उथळ. शेपूट पसरली की ती खाच जवळजवळ नाहीशी होते आणि कड सरळ दिसते. लाल घारीची बेचकी चांगली खोल असते. शेपूट पूर्ण फुलवली तरी कोपरे टोकदार राहतात. रंग विटकरी-तांबडा, डोकं फिकट राखाडी, डोळे पिवळट. खालून बघाल तर पंखांच्या टोकांकडे दोन पांढऱ्या खिडक्या आणि पुढे बोटांसारखी काळी पिसं.

पंखांचा विस्तार पावणेदोन मीटरच्या पुढे, वजन मात्र साधारण किलोभर. एवढ्या मोठ्या पंखांवर एवढंसं वजन, म्हणून ती तरंगते. पंख न हलवता शेपटी नुसती मनगटासारखी डावी-उजवी पिळत राहते. होडीचं सुकाणूच ते. अंगणात बसल्या बसल्या दहा मिनिटं फक्त शेपटीकडे बघा, बाकी काही बघू नका.

बाळाचं म्हणाल तर पाय दुबळे असतात तिचे. गरुडासारखी पकड नाही. मेलेलं जनावर, गांडुळं, उंदीर, बेडूक, पिल्लं, हा आहार. धोका नाही.

मिरजमळा
टेम्सकाठची, अगं आम्ही पण मिरजेचे!

पण आईंना हसू नका हं कोणी. आमच्या मळ्यात घारीने कोंबडीची पिल्लं उचललेली मी स्वतः पाहिलीयेत. आजी परसात सूप वाजवत "हा घार हा घार" ओरडत धावायची. कोंबडी पंख पसरून पिल्लांवर बसायची आणि घार तरी एखादं न्यायचीच. ज्या बाईने हे बघितलंय ती नातीशेजारी छत्री घेऊन बसणारच.

टेम्सकाठची
@मिरजमळा, आईला वाचून दाखवलं. "बघ, लोकांना कळतं" असं म्हणून छत्री अजून घट्ट धरली. आता कोण समजावणार!

@झाडाखालचा, शेपटीचा प्रयोग केला. भाजी लागली.

वेल्सवारी
भाजी लागली ते ठीक, पण तुमच्या अंगणावर उडतंय ते काय प्रकरण आहे ते ऐका. मी बारा वर्षं कार्डिफला होतो, या पक्ष्यामागे पेट्रोलवर बराच खर्च केलाय.

मध्ययुगात लंडनच्या गल्ल्यांतून या घारी आपल्या कावळ्यांसारख्या असायच्या. कचरा, खाटकाची घाण, सगळं साफ करायच्या, म्हणून पंधराव्या शतकात त्यांना राजाचं संरक्षण होतं. मग वारं फिरलं. सोळाव्या शतकात ट्यूडर राजवटीत उपद्रवी प्राण्यांची यादी करून डोक्यामागे बक्षीस लावलं, त्यात घार आली. कोकरं मारते, कोंबड्या मारते, हा आरोप. कोकरू मारायची ताकदच नाही तिच्यात. मेलेलं कोकरू खाताना दिसली की खून तिच्या नावावर. पुढे जमीनदारांच्या शिकारराखणीवाल्यांनी बंदुका, सापळे आणि विष वापरून उरलेल्या संपवल्या. दुर्मीळ झाल्यावर अंडी जमवणारे आणि पेंढा भरणारे आले. १८७१ मध्ये इंग्लंडमधून गेली, १८७९ मध्ये स्कॉटलंडमधून.

राहिल्या त्या मध्य वेल्सच्या डोंगराळ दऱ्यांत, बोटावर मोजण्याइतक्या. १९०३ मध्ये तिथल्या काही लोकांनी घरटी राखायला समिती काढली. गुप्तता इतकी की घरटं कुठल्या दरीत आहे ते बोलायचं नाही. तरी हाल इतके होते की पुढे जनुकं तपासल्यावर दिसलं, १९३० च्या दशकात वाचलेली सगळी प्रजा एकाच मादीची लेकरं होती. एकाच!

१९८९ पासून पक्षी बाहेरून आणून सोडायला सुरुवात झाली. स्कॉटलंडमध्ये ब्लॅक आइलला स्वीडनमधून आणि तुमच्याकडच्या चिल्टर्न टेकड्यांत स्पेनमधून. १९९० च्या जुलैत तेरा पिल्लं स्पेनहून विमानाने आली. पाच वर्षांत एकूण नव्वद. काही आठवडे मोठ्या पिंजऱ्यात ठेवून, माणसाचं तोंड कमीत कमी दिसेल अशा बेताने वाढवून सोडली. तुमच्या अंगणावरच्या अकरा त्यांच्याच नातवंडं-पतवंडं असणार.

पंक्चरवाला
म्हणजे इंग्लंडमधल्या घारी मुळात स्पॅनिश. व्हिसा कोणता मिळाला त्यांना? आमचा दोनदा परत आला.

खवचट_खेकडा
कौशल्यधारक. इंग्रजीची परीक्षा द्यावी लागत नाही, नुसती शिट्टी वाजवली की झालं.

तर्ककर्कश
कौतुक पुरे, थोडा विरोधी सूर लावतो.

संपलेला पक्षी परदेशातून आणून सोडायचा, त्याला वाढवायचा, मग तो इतका होतो की लोकांच्या हातातलं सँडविच पळवतो. हेन्लीला नदीकाठी डबा उघडून बसलेल्या माणसांचं खाणं या घारी उचलतात, मी स्वतः भोगलंय, हातावर ओरखडा उठला होता. हे वन्यजीवन की सरकारी बागेतली माकडं? याच पैशात दलदली, कुरणं वाचली असती तर पन्नास दुर्लक्षित जीव वाचले असते. पण त्यांना बेचकी शेपूट नाही ना! देखणा पक्षी म्हणून निधी मिळतो.

झाडाखालचा
सँडविच कशाचं होतं?

तर्ककर्कश
हॅमचं. संबंध काय?

झाडाखालचा
संबंध हाच. घार गेली हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्यावर जगत आलीये, मग ती लंडनची असो नाहीतर देवनारची. तिला 'शुद्ध जंगली' करायला बसलात तर ती घारच राहणार नाही. देखण्या प्राण्यांना पैसा मिळतो हे मात्र मान्य. कोळ्यांसाठी कोण वर्गणी काढतं?

नवापूर_ते_नॉर्दन
@तर्ककर्कश, 'आणून सोडलं' म्हणजे खोटं, असं का? मारून संपवलं तेही माणसानेच. आणि याला एक पुढची गोष्ट आहे, वेल्सवारींनी सांगितली नाही म्हणून सांगते. ज्या स्पेनने पिल्लं दिली तिथेच नंतर ही घार झपाट्याने घटली. विषारी आमिषं होतीच, वर गाईंच्या 'मॅड काऊ' रोगानंतर मेलेली जनावरं उघड्यावर टाकायला बंदी आली, खाणं संपलं. तर २०२२ पासून इंग्लंडमधल्या नॉर्दॅम्प्टनशायरच्या जंगलातून पिल्लं उचलून स्पेनच्या एक्स्त्रेमादुराला पाठवायला लागले. उसनं घेतलं होतं ते परत केलं. आमच्याकडे वाटीभर साखर नेली तर रिकामी वाटी परत देत नाहीत, तसं.

मिरजमळा
आहाहा, वाटी रिकामी परत देऊ नये! हे आवडलं.

वेल्सवारी
@नवापूर, बरोबर, ते राहिलंच. आज ब्रिटनमध्ये हजारो जोड्या आहेत. २०१५ मध्ये तिथल्या धोक्याच्या यादीत ती 'हिरव्या' रकान्यात गेली आणि जगाच्या यादीतही २०२० मध्ये 'चिंता नाही'वर आली. लहानपणी ज्यांनी एक बघायला वेल्सभर पायपीट केली ते आता एम-४० महामार्गावर चिल्टर्नमधल्या स्टोकनचर्चच्या खिंडीतून गाडी चालवताना मोजायचा कंटाळा करतात.

हार्झचा_हरी
जर्मनीतून हजेरी. इथे हिला 'रोटमिलान' म्हणतात, जुनं नाव 'गाबेलवायहे'. गाबेल म्हणजे जेवायचा काटा. थोडक्यात काकूंनी मिरजेच्या भाषेत जे म्हटलं तेच.

जगातल्या एकूण लाल घारींपैकी निम्म्याच्या आसपास जोड्या एकट्या जर्मनीत आहेत. ती फक्त युरोपची आणि आसपासची, आपल्याकडे येतच नाही. त्यामुळे जबाबदारी इथल्यांची. गवत कापायचे दिवस आले की ट्रॅक्टरमागे वीस-वीस जमतात, उघडे पडलेले उंदीर टिपायला. नांगरामागे बगळे असतात ना आपल्याकडे, अगदी तसं.

इथला तंटा चिकनचा नाही, पवनचक्क्यांचा आहे. घार शिकार शोधताना खाली बघत उडते, समोर पातं आलेलं दिसत नाही. एकीकडे कोळसा बंद करायचा म्हणून पवनचक्क्या हव्यात, दुसरीकडे घरट्याजवळ चक्की नको. गावच्या सभेत यावरून खुर्च्या सरकतात. काही ठिकाणी कॅमेरे लावून घार जवळ आली की चक्की मंदावते. मी दोन्ही बाजूंनी आलटून पालटून भांडतो.

ऑर्लँडोची_ऊर्मी
शीर्षक वाचून आले, मला वाटलं आमच्याच घारीबद्दल आहे! माझं अवांतर समजा.

फ्लोरिडात एक आहे, 'स्वॅलो-टेल्ड काइट'. बेचकी म्हणाल तर हिची. लाल घारीची तिच्यापुढे काहीच नाही. पांढरंशुभ्र डोकं आणि पोट, वर काळाभोर पंख आणि शेपटी इतकी लांब दुभंगलेली की कात्री उघडून हवेत सोडल्यासारखी वाटते. शास्त्रीय नावातलं 'फॉर्फिकाटस' म्हणजे कात्रीसारखं, म्हणे.

ही उडता उडता चतुर पकडते आणि पायातलं हवेतच खाते. पाणीसुद्धा तलावावरून घसरत जाऊन चोचीने उचलते. झाडांच्या शेंड्यांवरून सरडे, बेडूक, छोटे साप आणि गांधीलमाशीचं पोळंच्या पोळं उचलून नेते. हिवाळ्यात दक्षिण अमेरिकेत, ब्राझीलकडे. फेब्रुवारी संपता संपता आमच्याकडे परत येते. आत्ता माझ्या ऑफिसच्या मागच्या उंच पाइनवर एक जोडी आहे, मीटिंगमध्ये माझं लक्ष नसतं. पूर्वी पार उत्तरेला मिनेसोटापर्यंत घरटी करायची, आता फक्त आग्नेयेकडची मोजकी राज्यं राहिली. दलदलीतली उंच झाडं तोडली आणि लोकांनी गंमत म्हणून गोळ्या घातल्या. जुलैअखेर परतीला निघण्याआधी फिशईटिंग क्रीकजवळ शेकड्यांनी एकत्र झोपतात. एकदा सकाळी विमानातून बघितलेल्यांचे फोटो पाहिलेत, झाडांना पांढरी फुलं आल्यासारखी दिसत होती.

कोतवालसाहेब
बेचकी शेपटीची स्पर्धा चालू आहे आणि आमची, म्हणजे कोतवाल पक्ष्याची, आठवण कुणाला नाही. आम्ही तारेवर बसून निषेध नोंदवतो.

झाडाखालचा
साहेब, तुम्ही शिकारी पक्षी नाही. तुम्ही नुसते पोलीस.

नाखवा_वसई
घारीचा विषय निघाला आणि बंदराचं कुणी बोललं नाही? आमच्याकडे होड्या लागल्या की आभाळात दोन जाती. एक आपली नेहमीची, दुसरी ब्राह्मणी घार, पांढरं डोकं-छाती आणि बाकी अंग विटेसारखं. लांबून बघणारा हिलाच 'लाल घार' म्हणतो. पण शेपूट बघा, गोल. बेचकी अजिबात नाही. तेव्हा कोकणात कुणी लाल घार पाहिली असं सांगितलं तर ही समजायची.

आमची आजी म्हणायची, मासळी वाळत घातली की पहिला बांगडा घारीचा. तो गेला की हरकत नाही, दुसऱ्याला मात्र काठी.

वऱ्हाडी_ठेचा
घारीवर धागा अन् मांज्याचं कुणी नाव घेत नाही, काहून बाप्पा? नागपुरात संक्रांत झाली की पुढचे आठ दिवस पंख कापलेल्या घारी गोळा करतो आम्ही. नायलॉन मांज्यावर हरित लवादाची २०१७ पासून देशभर बंदी आहे. कागदावर. गल्लीत विचारा, पोरगं पाठीमागून काढून देते. मांजा झाडावर अडकून राहते, उन्हाळ्यात त्याच झाडावर घार घरटं करते, मग पिल्लाच्या पायाला गुंडाळते. इंग्लंडवाल्यांनी एक पक्षी परत आणला म्हणून टाळ्या वाजवा, पण आपली घार अजून भरपूर आहे म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही हे पण लिहा.

खवचट_खेकडा
आणि गंमत बघा, इंग्रजीत पतंगाला पक्ष्याचंच नाव. काइट उडवायची आणि काइट कापायची.

वऱ्हाडी_ठेचा
हे खवचट नाही राहिलं भाऊ. खरं आहे.

पशुवैद्य_पुणे
मूळ तिसरा प्रश्न बाजूलाच राहिला, खायला घालावं का?

व्यवसायाने जनावरांचा डॉक्टर आहे, तेव्हा सरळ सांगतो. शिकारी पक्षी उंदीर खातो तेव्हा हाडं, कातडी, आतडी सगळं खातो, त्यातून कॅल्शियम मिळतं. नुसतं सोललेलं बोनलेस चिकन म्हणजे आपल्याकडे बाळाला फक्त साखरपाणी देण्यासारखं. मोठ्या पक्ष्याचं भागतं, पण एप्रिलमध्ये अंडी, मेमध्ये पिल्लं. आईबाप तेच चिकन घरट्यात नेतात आणि वाढत्या पिल्लांची हाडं मऊ राहतात, वाकतात, मोडतात. चिल्टर्नमध्ये अशी पिल्लं सापडलेली आहेत. शिजवलेलं, मीठमसाल्याचं, सॉसेज-बेकन तर नकोच. तिथल्या पक्षीमंडळींचा सल्लाही हाच आहे की घरच्या अंगणात घालू नका.

वेल्सवारी
डॉक्टर, तत्त्व मान्य, पण सरसकट 'नको' म्हणू नका. वेल्समध्ये रायडरजवळ गिग्रिन फार्म आहे, तिथे १९९० च्या दशकापासून रोज ठरल्या वेळी गोमांसाचे तुकडे टाकतात. हिवाळ्यात दोनला, उन्हाळ्यात तीनला (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे आपण नेतो, घारी नाही). शेकड्यांनी येतात. एका माळरानावर दोनशे-तीनशे लाल घारी एकदम खाली सूर मारताना बघितल्यावर माणूस पाच मिनिटं बोलत नाही. त्या खाण्याने किती अशक्त पोरं पहिल्या हिवाळ्यातून वाचली असतील!

पशुवैद्य_पुणे
मोकळ्या डोंगरावर एका जागी, ठरावीक वेळी, जाणत्या माणसाने घालणं वेगळं. चाळीस घरांच्या गल्लीत प्रत्येकाने फ्रिजमधलं उरलेलं फेकणं वेगळं.

रेडिंगचाच_एक
मी टेम्सकाठच्या ताईंच्या जवळच राहतो बहुतेक (पत्ता विचारत नाही, घाबरू नका).

रेडिंग विद्यापीठाच्या लोकांनी यावर अभ्यास केला होता. गावातल्या साधारण ४.५ टक्के घरांत घारींना खायला घालतात असं निघालं. टक्का छोटा वाटतो, पण घरं मोजा. एवढ्या घारी दिवसा गावात येतात त्या या खाण्यावरच, रात्री बाहेरच्या झाडीत झोपायला जातात. म्हणजे ताई, तुमच्या आजीबाई एकट्या नाहीत. त्यांनी उद्या थांबवलं तरी तिसऱ्या गल्लीतले कुणीतरी आहेतच.

तर्ककर्कश
थोडक्यात, माझं हॅमचं सँडविच या ४.५ टक्क्यांनी पळवलं.

झाडाखालचा
चिकनपेक्षा मला काळजी वेगळ्या गोष्टीची आहे. ताई, तुमच्या किंवा आजूबाजूच्या शेडमध्ये उंदरांचं औषध आहे का? काळ्या डबीत निळ्या-हिरव्या गोळ्या?

ब्रोडिफॅकम, डायफेनॅकम या जातीचं विष रक्त गोठू देत नाही. उंदीर खातो, पण लगेच मरत नाही, दोनतीन दिवस झिंगल्यासारखा उघड्यावर फिरतो. घारीला असा उंदीर म्हणजे आयतं ताट. एकाने बिघडत नसेल, पण साठत जातं. आणि हे चुकून झालेलं. मुद्दाम केलेलंही आहे. २०१४ मध्ये स्कॉटलंडमध्ये कॉनन ब्रिजच्या आसपास काही आठवड्यांत बावीस शिकारी पक्षी मेलेले सापडले, त्यात सोळा लाल घारी. बहुतेकांच्या पोटात बंदी असलेलं विष. वर शिकारीच्या छर्‍यांचं शिसं आहेच, ते मेलेल्या सशातून, फेजंटमधून जातं.

चिकन घालणाऱ्या आजी निदान प्रेमाने घालतात.

टेम्सकाठची
बापरे, एवढ्या प्रतिक्रिया! रात्री पोरीला पाजता पाजता सगळ्या वाचल्या.

शेडमध्ये गोळ्यांची डबी होती. आधीच्या भाडेकरूने ठेवलेली. नवऱ्याने हातमोजे घालून उचलली, आता कौन्सिलच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर नेऊन देणार आहे. तेवढ्यासाठी तरी धागा सार्थकी लागला.

आता आजीबाई. आईला हाडांचं समजावलं, तर ती एकदम उठून म्हणाली, "मग हाडांसकट घालायला सांग की." मी म्हटलं तसं नाही गं. शेवटी आईच बेसनाचे लाडू घेऊन त्यांच्याकडे गेली, मी मागे दुभाषी म्हणून. इंग्रजी दोघींचं जमेना, पण तास गेला. त्या बाई म्हणाल्या की त्यांचे यजमान १९९० च्या सुमाराला स्टोकनचर्चकडे कामाला जायचे, घरी येऊन सांगायचे की आज एक दिसली. तेव्हा एक दिसली तर बातमी असायची. यजमान गेले, तेव्हापासून त्या घालतात. मला काही पुढे बोलवेना.

आई बोलली पण. मराठीतच. "पोरांची हाडं मोडतात हो बाई." मी भाषांतर केलं. त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, जुलैपर्यंत थांबवते, पिल्लं उडेपर्यंत. पुढचं पुढे.

आणखी एक. परवा दोरीवरून पोरीची कानटोपी गेली. लाल लोकरीची, आईने विणलेली. वारा नव्हता. घारी मार्चमध्ये घरट्यात कापडं नेतात असं कुठेतरी वाचलं होतं. आई म्हणते, बघ, आज टोपी नेली, उद्या...

वेल्सवारी
नेतात! चिंध्या, मेंढीची लोकर, प्लॅस्टिकच्या पिशव्या, मुलांची खेळणी, अंतर्वस्त्रंसुद्धा. शेक्सपिअरच्या एका नाटकात पात्र बजावतं की घार घरटं बांधायला लागली की वाळत घातलेले कपडे सांभाळा. चारशे वर्षांची जुनी तक्रार आहे. टोपी गेली असं समजा.

नवापूर_ते_नॉर्दन
लाल लोकरीच्या टोपीत वाढलेलं पिल्लू! अर्धं मिरजेचं झालं म्हणायचं.

मिरजमळा
घार हिंडते आकाशी, चित्त तिचे पिल्लांपाशी. आणि चित्ताला आता मिरजेची कानटोपी.

तर्ककर्कश
पुराव्याशिवाय घारीवर आळ घेताय याची नोंद करून ठेवतो. वेल्सवारींनी वर कोकराचं काय सांगितलं ते परत वाचा. मी घारीच्या बाजूने बोलेन असं मला स्वतःलाही वाटलं नव्हतं.

पंक्चरवाला
हॅमचं सँडविच विसरलात वाटतं?

तर्ककर्कश
ते मी डोळ्यांनी बघितलं. टोपी कुणी बघितली?

ऑर्लँडोची_ऊर्मी
टेम्सकाठची, घरटं शोध ना जवळपास! उंच झाडाच्या बेचक्यात काटक्यांचं असेल, पानं यायच्या आत दिसेल.

झाडाखालचा
शोधा, पण जवळ जाऊ नका आणि जागा इथे लिहू नका. अंडी उबवायला महिनाभर लागतो, त्या काळात घाबरून उठली तर कावळे टपलेलेच असतात. लांबून दुर्बिणीने बघा. लाल काही दिसलं तर कळवा.

टेम्सकाठची
घरटं नाही सापडलं. टोपी सापडली.

डावीकडच्या घरात कुत्रा आहे, लॅब्रॅडॉर. कुंपणाखालून येतो. त्यांनी काल आणून दिली, एक कान चावलेला, लाळ सुकलेली. आईने गरम पाण्यात भिजत घातलीये.

छत्री अजून अंगणातच आहे. पण आज दुपारी बघितलं तर आई आजीबाईंच्या बाकावर, दोघी मान वर करून. छत्री मिटलेली आणि तोंड कुंपणाकडे, कुत्र्याच्या दिशेने.

खवचट_खेकडा
कुत्र्याचं वजन किती?